सागवानी खांबाचा स्टॉक : एका एअर रायफलचा ग्रुप का फुटला

२०२३ च्या एप्रिलमध्ये आमच्या रायफलचे दहा छर्रे जवळजवळ एकाच भोकातून जात होते. कागदावरच्या भोकाची बाहेरून बाहेर रुंदी भरली ५.६ मिलिमीटर, आणि छर्राच मुळात ४.५ चा. जुलैत त्याच रायफलचा दहाचा ग्रुप, म्हणजे दहा भोकांचा पुंजका, ८.४ मिलिमीटरवर गेला आणि त्याचा मध्य वर उजवीकडे दोन मिलिमीटर सरकला. छर्रे त्याच लॉटचे होते आणि मारणारी मुलगीही तीच, माझी पुतणी. बिघाड सापडायला सहा आठवडे लागले. त्यातले पहिले तीन मी चुकीच्या माणसावर संशय घेण्यात घालवले. हे प्रकरण लिहून ठेवतोय ते त्यासाठीच.

आमचं गाव हिंगणघाट आणि समुद्रपूरच्या मधल्या कापूसपट्ट्यातलं. माझं मोटार रिवायंडिंगचं आणि लेथचं दुकान आहे. कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची गोळीची, रायफल हाती आली आणि तेव्हापासून ती डोक्यातून गेली नाही. बोल्ट मागे ओढायचा, गोळी ठेवायची, बोल्ट पुढे ढकलून खाली दाबायचा. त्या दाबण्याचा हाताला येणारा घट्टपणा मला अजून आठवतो. लेथवर बसलेल्या माणसाला वाटणारच की हे आपण करू शकतो. एक अचूक बोल्ट-अॅक्शन पॉइंट टू-टू आपल्या हाताने घडवायची, ही माझी वीस वर्षांची इच्छा.

ती मी पूर्ण केली नाही आणि करणारही नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय अग्निशस्त्र बनवणं तर सोडाच, दुरुस्त करणं किंवा त्यात फेरफार करणं हाही गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. छंद म्हणून केलं, कोणाला इजा केली नाही, असलं काही तिथे चालत नाही. कायदा असा आहे ते मला योग्यच वाटतं. गावागावात लेथ आहेत.

तरी पॉइंट टू-टूचा अभ्यास वाया गेला नाही, पुढचं निदान त्यातूनच निघालं. या गोळीला रिमफायर म्हणतात, कारण पेट घेणारा मसाला केसच्या तळाच्या कडेत, म्हणजे रिममध्ये, फिरवून भरलेला असतो. फायरिंग पिन कड चेपते आणि गोळी सुटते. ही केस पुन्हा भरता येत नाही. मोठ्या काडतुसांत लोक आपल्या हाताने दारू तोलून भरतात, इथे कारखान्यातून आलं ते आलं. म्हणून पन्नास मीटरचे नेमबाज एकेका लॉटच्या गोळ्या आपल्या बॅरलमधून मारून बघतात आणि जो लॉट जमला तो साठवून ठेवतात. दुसरं म्हणजे बॅरल कितीही उत्तम असो, अॅक्शन, म्हणजे बॅरल आणि ट्रिगर धरणारा धातूचा मधला भाग, लाकडात ज्या जागी टेकते ती जागा खोटी असेल तर रायफल खोटं बोलते. त्या बसवण्याला बेडिंग म्हणतात. बॅरल पुढे मोकळी राहिली पाहिजे, लाकडाला तिचा स्पर्श नको. या दोन्ही गोष्टी एअर रायफललाही तितक्याच लागू आहेत.

म्हणून मी एअर रायफलकडे वळलो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. दहा मीटरची स्पर्धेची रायफल ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास फेकते, म्हणजे साडेसात जूलच्या जवळपास. तरीही मी बिल आणि माहितीपत्रक घेऊन ठाण्यात जाऊन कळवून आलो. गावात नेमबाजी शिकवणारे निवृत्त सुभेदार आहेत, त्यांचा तसा आग्रहच होता. जिनिंगचा एक जुना शेड रिकामा पडला होता, त्यात दहा मीटरची रेंज उभी केली. छर्रे झेलायला मागे तिरका लोखंडी पत्रा आणि खाली पेटी. शिसं आहे, तेव्हा मारून झालं की हात धुतल्याशिवाय कोणी चहाला हात लावायचा नाही, हा तिथला पहिला नियम.

रायफल जुनी घेतली. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी, बॅरल आणि ट्रिगर उत्तम, पण स्टॉक, म्हणजे रायफलचं लाकडी अंग, हाताने धरायच्या बारीक जागी तडकलेला. मला तेच हवं होतं. बॅरल, ट्रिगर आणि हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर यांना हात लावायचा नाही आणि लाकूड पूर्ण आपलं, असं ठरवलं. छंदाचा छंद आणि पोरीच्या अंगाला बसेल असा स्टॉकही.

लाकूड घरातच होतं. आजोबांच्या काळातलं घर पाडलं तेव्हा सागवानाचा एक खांब मी ठेवून घेतला होता. किमान साठ वर्षांचं लाकूड. त्यावर रंधा मारला की अजूनही तेलाचा वास यायचा. आमचे मिस्त्री तान्ह्या पोळ्याला पोरांसाठी लाकडी नंदी करतात. बैलाच्या वशिंडाचा उतार त्यांच्या हातात इतका बसलेला आहे की गाल टेकवायचा उंचवटा कसा हवा हे त्यांना एकदाच सांगावं लागलं. माप घ्यायला आम्ही जुन्या स्टॉकवर चिकणमातीचा गोळा लावला, पुतणीला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगितली आणि डोळे उघडल्यावर पीप साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या मागच्या बारीक भोकाच्या, बरोबर मध्यातून दिसेपर्यंत माती दाबत, वाढवत गेलो. तिला मान वाकवावी लागली नाही पाहिजे, सुभेदारसाहेब एवढंच बघत होते. मान आखडली की साठ गोळ्यांच्या मॅचमध्ये चाळिसाव्या गोळीला खांदा बोलायला लागतो. ते मातीचं माप मिस्त्रींनी लाकडात उतरवलं. स्टॉक भरला १,६४० ग्रॅम. पूर्ण रायफल सव्वाचार किलोच्या आत बसली, नियमाची मर्यादा साडेपाच किलो आहे.

बाहेरून जवसाच्या तेलाचे सात हात दिले. आतून, जिथे अॅक्शन बसते त्या खाचेला, काहीच लावलं नाही. आतलं कोणाला दिसतं, असं तेव्हा म्हटल्याचं मला आठवतं.

तपासणी मी दुकानातल्यासारखी केली. वणा नदीच्या वाळूच्या दोन थैल्यांवर रायफल टेकवायची, दहा छर्रे, मग कागद बदलून पुन्हा दहा. असे पाच कागद. ५.४ ते ५.८ च्या मध्ये सगळे. पुतणीने उभ्याने मारायला सुरुवात केली आणि मेच्या पहिल्या आठवड्यात ती साठ गोळ्यांत ६०८ पर्यंत गेली. दहा मीटरच्या कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि गुण दशांशात मोजतात, एका गोळीला जास्तीत जास्त १०.९, साठीला ६५४. दर पाव मिलिमीटरला ०.१ गुण जातो. छर्रा मध्यापासून एक मिलिमीटर सरकला की ०.४ गेले, आणि प्रत्येक गोळीत तेवढेच जात राहिले तर साठीत २४. या खेळात एका मिलिमीटरला एवढी किंमत आहे.

मेच्या शेवटी गुण उतरायला लागले. ६०१, ५९७, ५९५. सुरुवातीचे दहा चांगले, मग हळूहळू सगळं वर उजवीकडे. पीप साइटचे दोन क्लिक फिरवले की जमायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा वेगळं. बाहेर पारा ४५ च्या वर, शेडचा पत्रा तापलेला. मी गृहीत धरलं की पोरगी थकतेय आणि ट्रिगर झटकतेय. तिला तसं सांगितलं. एकदा नाही, रोज सांगितलं. ती सकाळी सहाला येऊन नुसता रिकामा ट्रिगर दाबत बसायची, अर्धा तास, एकही छर्रा न भरता. एक दिवस म्हणाली, "मोठेबाबा, माहा हात नाई हालत. मले समजते ना हालला का नाई ते." मी ऐकलं नाही. सुभेदारसाहेबांनी ऐकलं. चांगला नेमबाज गोळी सुटताक्षणी ती कुठे गेली हे कागद न बघता सांगतो. त्यांनी तिला प्रत्येक गोळीला बोलायला लावलं आणि वहीत लिहून घेतलं. तिने सांगितलेली जागा आणि कागदावरचं भोक यांत दर वेळी तेवढाच फरक येत होता, त्याच बाजूला. हात चुकला असता तर ती चूक तिच्या सांगण्यातच आली असती.

त्या वहीनंतर मी पुन्हा वाळूच्या थैल्यांकडे गेलो, जिथे मी तीन आठवडे आधीच जायला हवं होतं. माणूस बाजूला काढल्यावरही ग्रुप ८.४ आला. दोष रायफलचा होता.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं. छर्र्यांच्या डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० आणि ४.५१ असा मिळतो, तिन्ही मारून पाहिले. फरक पडला तो दशांशात, सरकणं तसंच. साइटचे स्क्रू तपासले, घट्ट होते. पावसाळी ढगांमुळे उजेड बदलतो आणि पीपमधून दिसणाऱ्या काळ्या गोलाची कड वेगळी वाटते, म्हणून एलईडी इन्व्हर्टरवर घेतला. तेही कारण नव्हतं. सिलिंडरमध्ये ओल गेली असेल आणि रेग्युलेटर अडकत असेल ही शंका मला बरेच दिवस होती, कारण आम्ही हातपंपाने हवा भरतो आणि जुलैच्या हवेत पाणीच पाणी. तो उघडायचा नाही हे आधीच ठरलेलं, म्हणून नागपूरहून कोरडी हवा भरून आणली. ग्रुप ८.२. दोन हजारांचं पेट्रोल आणि वेळ गेला, पण एक नाव यादीतून कटलं.

उत्तर दहाच्या नोटेने दिलं. बॅरल आणि सिलिंडर लाकडापासून मोकळे आहेत का हे बघायचा सोपा मार्ग म्हणजे मधल्या फटीतून कागद सरकवणं. एप्रिलमध्ये मी दहाची नोट टोकापासून अॅक्शनपर्यंत अडथळ्याशिवाय ओढली होती. आता ती टोकापासून वीतभर आत गेली आणि अडकली. तिथे लाकूड सिलिंडरला टेकलेलं होतं, डाव्या बाजूने. पुतणीचा डावा हात बरोबर त्याच्याखाली असतो. तिने रायफल हातावर तोलली की लाकूड सिलिंडरला वर ढकलायचं, आणि थैलीवर टेकवली की थैली तेच काम करायची.

मग मी लेथवरचं डायल गेज आणलं, शतांश मिलिमीटरची हालचाल सुईने दाखवणारं. सिलिंडर काढून ठेवला, ब्रीच, म्हणजे छर्रा भरायची जागा, उघडून रिकामी आहे हे दोघांनी पाहिलं, रायफल मऊ जबड्यांच्या शिकंजात धरली. गेजचं बूड लाकडाच्या पुढच्या टोकाला बांधलं, सुई बॅरलला टेकवली, शून्य केलं. आता पुढचा अॅक्शन स्क्रू हळूहळू सैल करायचा. बेडिंग खरं असेल तर सुई जागची हलत नाही, पाच-शतांश मिलिमीटरपर्यंत चालून जातं. मी पाना अर्धा फेरा फिरवला आणि सुई सरकायला लागली. दहा, चौदा, अठरा. ०.१८ मिलिमीटरवर थांबली. स्क्रू पुन्हा घट्ट केला, ती परत गेली. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. दुकानात शाफ्टचा रनआउट, म्हणजे फिरताना तो किती डगमगतो ते, बघताना मी रोज ही सुई बघतो, पण त्या दिवशी ती हलताना पाहून माझे कान गरम झाले. माझ्या पोरीला मी काय काय बोललो होतो.

०.१८ म्हणजे किती? आमच्या रायफलच्या दोन साइटमध्ये साधारण ६०० मिलिमीटर अंतर आहे. पीपच्या मानाने बॅरलचं टोक ०.०६ मिलिमीटर सरकलं, म्हणजे जवळजवळ एका केसाएवढं, तर दहा मीटरवर छर्रा एक मिलिमीटर सरकतो. अॅक्शन वाकडी होऊन लाकडात अडकून बसली होती आणि तिच्यावरच्या ताणात रोज थोडा फरक पडत होता.

आता प्रश्न, लाकूड फुगलं कसं? साठ वर्षं वाळलेलं सागवान. माझा पक्का समज होता की जुनं लाकूड हलत नाही. मिस्त्रींना विचारलं तर ते खांद्यावरचा पंचा झटकत म्हणाले, "भाऊ, लाकूड मरत नाई. पाणी पेते ते, जुनं असो का नवं." किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर नुसता स्टॉक ठेवला. १,७०२ ग्रॅम. मार्चमध्ये १,६४० होता. बासष्ट ग्रॅम पाणी, म्हणजे वजनाच्या पावणेचार टक्के, लाकडाने हवेतून ओढून घेतलं होतं.

जुनं लाकूड ताज्या कापलेल्या लाकडासारखं तडकत नाही, वेडंवाकडं होत नाही, एवढंच खरं. हवेतली ओल वाढली की ते फुगतंच आणि उन्हाळ्यात बसतंच. फुगतं ते आडवं, धारेच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या, दिशेने जवळजवळ नाहीच. सागवान या बाबतीत शांत लाकूड आहे. ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत ते वर्तुळांच्या रेषेत साडेपाच टक्क्यांच्या आसपास आटतं आणि गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्मं. हिशेब केला तर ओल चार टक्क्यांनी वाढल्यावर ४० मिलिमीटर जाडीत तीन-दशांश मिलिमीटरपर्यंत वाढ होऊ शकते. आमच्या गेजने दाखवलं ते त्या मर्यादेत बसत होतं. जवसाच्या तेलाने लाकूड सुंदर दिसतं, पण पाण्याच्या वाफेला ते फारसं अडवत नाही. आतली खाच आणि स्क्रूच्या भोकांमधली उघडी धार तर कोरीच होती, आणि लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते तिथूनच.

एक गाठ मात्र सुटत नव्हती. गुण उतरले मेच्या शेवटी, आणि पाऊस तर जूनच्या मध्यानंतर आला. मेमध्ये आमच्याकडची हवा इतकी कोरडी असते की ओला पंचा दहा मिनिटांत कडक होतो. मग तेव्हा लाकूड कसं फुगेल? याच एका गोष्टीमुळे मी लाकडावर संशय घेतला नव्हता. उत्तर वहिनींनी दिलं, बोलता बोलता. मेच्या मध्यात पाहुणे आले म्हणून रायफलची पेटी मागच्या खोलीतून काढून समोरच्या खोलीत ठेवली होती. समोरच्या खोलीत कूलर. दिवसरात्र पाणी उडवणारा कूलर आणि त्याच्या समोर चार हातांवर पेटी. आमच्या स्टॉकचा पावसाळा महिनाभर आधीच सुरू झाला होता.

दुरुस्तीला मी घाई केली नाही. स्टॉक आधी मागच्या कोरड्या खोलीत आडवा ठेवला आणि आठवड्याला एकदा तोलला. ऑक्टोबर हिटमध्ये तो १,६५५ वर येऊन थांबला तेव्हा काम सुरू केलं. अॅल्युमिनियमच्या दोन बुश, म्हणजे छोट्या नळ्या, लेथवर काढल्या, बाहेरून १४ मिलिमीटर, आतून स्क्रू मोकळा जाईल एवढ्या. त्यांना बाहेरून खोल आटे पाडले, चिकटपणा धरावा म्हणून. स्क्रूची भोकं मोठी करून त्या अॅराल्डाइटमध्ये बसवल्या. आता स्क्रू घट्ट केला की दाब धातूवर येतो, लाकूड चेपलं जात नाही. अॅक्शनला मेणाचा पातळ हात देऊन तिच्याखाली इपॉक्सीची गादी केली आणि ती नुसत्या वजनाने बसू दिली. स्क्रू आवळायचा मोह इथे टाळावा लागतो. आवळला तर तोच ताण गादीत कायमचा गोठतो. चोवीस तासांनी अॅक्शन उचलली तेव्हा खाली तिचा आरशासारखा ठसा होता, एका कोपऱ्यात हवेचा फुगा सोडला तर पूर्ण. पुढची खाच दोन्ही बाजूंनी दीड मिलिमीटर मोकळी केली. आतली सगळी जागा, भोकं, बटाखालची, म्हणजे खांद्याकडच्या टोकाची, धार, सगळीकडे पातळ इपॉक्सीचे दोन हात आणि बाहेरून पीयू पॉलिश. मिस्त्रींना पीयूची चमक आवडली नाही. मलाही जवसाचा मऊ रंगच आवडायचा, पण तो गेला. स्क्रू आता टॉर्क पान्यानेच लावतो, ४ न्यूटन-मीटर, आणि आकडा पेटीच्या झाकणात लिहिलाय.

खरी परीक्षा पुढच्या पावसाळ्याची होती. २०२४ च्या जुलैच्या शेवटी स्टॉक काढून तोलला. दुरुस्तीनंतर बुश आणि इपॉक्सीसकट १,७१८ होता, आता १,७२७. नऊ ग्रॅम. गेजची सुई स्क्रू सैल करताना दोन-शतांश हलली. दहाची नोट टोकापासून अॅक्शनपर्यंत सरळ गेली. थैल्यांवर ग्रुप ५.५.

त्याच आठवड्यात, १ ऑगस्टला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, पडून आणि उभ्याने मारायच्या प्रकारात, कांस्य घेतलं, पॉइंट टू-टू बोल्ट-अॅक्शनवर. शेडमध्ये मोबाईल वाळूच्या थैलीला टेकवून आम्ही बघितलं. पुतणीची नजर त्याच्या गालाखालच्या पट्टीवर आणि हाताखालच्या टेकूवर होती. तो गुडघ्यावर बसला तेव्हा तिने विचारलं की त्या रायफलचं बेडिंग कोण करतं. सुभेदारसाहेब म्हणाले, आधी रायफल असोसिएशनचं सदस्यत्व, मग क्लबच्या रायफलवर सराव, परवाना त्यानंतरची गोष्ट.

मेमध्ये मी तिला सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून माफीही शेडमध्ये सगळ्यांसमोर मागितली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सुभेदारसाहेबांची ती वही घेऊन आली, आधी सांगितलेली जागा आणि नंतरचं भोक असे दोन रकाने आखलेली, आणि माझ्या दुकानात गेजच्या डब्याशेजारी ठेवून गेली. ती आता तिथेच असते. रायफलची पेटी मागच्या खोलीत असते, आणि एप्रिल लागला की मी कूलरचं तोंड दुसऱ्या भिंतीकडे फिरवतो.